कोड पुसण्याआधी आकडे हातात द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा घरच्या घरी कसा विझवावा, यावर लेख आला होता. ब्लूटूथचा छोटा ॲडाप्टर आणा, स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचा, मोबाईलवर ॲप उघडा, बिघाडाचा कोड वाचा, ‘क्लिअर’वर बोट ठेवा आणि निघा, असा त्याचा सूर. लेखाचा पहिला निम्मा भाग मला मनापासून आवडला. मालकानं आपल्या गाडीच्या कॉम्प्युटरशी स्वतः बोलावं, यात वाईट काहीच नाही. शेवटच्या पायरीबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवेना. त्या एका बोटानं जे पुसलं जातं, ते परत आणायची सोय आमच्यापैकी कुणाकडेच नाही.

मी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. पॉइंट आणि कंडेन्सरच्या काळात शिकलो. पुढे कार्ब्युरेटर गेले, इंजेक्टर आले आणि टेस्ट लॅम्पच्या जोडीला स्कॅनर आला. हल्ली गिऱ्हाईक येतं ते निदान हातात घेऊनच येतं. “ओटू सेन्सर गेलाय, बदलून टाका.” कशावरून? “मोबाईलनं सांगितलं.” मोबाईलनं तसं सांगितलेलं नसतं. कोडच्या ओळीत ओटू सेन्सरचं, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं, नाव असतं, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात लगेच ‘गेला’ हा शब्द जोडला जातो.

यातली मुळातली गोष्ट अशी की हे सॉकेट गॅरेजवाल्यांच्या किंवा मालकाच्या सोयीसाठी आलंच नाही. ते आलं धुरापायी. गाडी रस्त्यावर आल्यावरही तिच्या सायलेन्सरमधून ठरल्यापेक्षा जास्त घाण बाहेर पडू नये आणि पडलीच तर चालवणाऱ्याला कळावं, म्हणून अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून हे सोळा पिनांचं सॉकेट आणि त्यामागची ठरावीक भाषा सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. त्यामुळे कॉम्प्युटरची नजर कायम एकाच गोष्टीवर असते : जळण नीट होतंय का, धूर साफ होतोय का. ते बिघडलं की तो ओरडतो. कुठला पार्ट बदलायचा हे सांगणं त्याच्या कामात धरलेलंच नव्हतं.

आमच्याकडे नेहमी येणारा कोड घ्या, पी ०१७१. ॲप लिहितं, ‘सिस्टीम टू लीन, बँक वन’. म्हणजे त्या बाजूच्या सिलिंडरांत हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, कॉम्प्युटर ते वाढवत गेला आणि वाढवण्याची त्याची हद्द संपली. एवढंच. आता पेट्रोल कमी का पडतंय? कुठल्यातरी पाइपातून इंजिन चोरून हवा खेचत असेल, पेट्रोल पंप दमला असेल, फिल्टर किंवा इंजेक्टर चोंदला असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, किंवा ओटू सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपाला चीर पडून बाहेरची हवा आत शिरत असेल. पाच-सहा वाटा, आणि कोड सगळ्यांना एकच. यातली कुठली वाट धरायची ते ठरवायला कॉम्प्युटरला आणखी प्रश्न विचारावे लागतात, आणि तो उत्तरं द्यायला तयार असतो. विचारायला कुणी थांबत नाही, हे दुखणं आहे.

विचारायचं म्हणजे काय, ते एकदा उघडून दाखवतो, कारण ॲपच्या रंगीत काट्यांखाली हे झाकलं जातं. स्कॅनर दोन आकडे पाठवतो : ०१ ०५. पहिला सेवेचा, म्हणजे ‘आत्ताचा चालू आकडा सांग’, आणि दुसरा बाबीचा, म्हणजे ‘कूलंटचं, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान’. इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून उत्तर येतं : ४१ ०५ ७बी. सेवेच्या आकड्यात ४० मिळवून त्यानं ‘तुझा प्रश्न पोचला’ अशी पोच दिली, बाब तीच परत लिहिली आणि शेवटी उत्तर. हे ७बी सोळाच्या मोजणीतलं आहे. सात सोळे एकशे बारा आणि बी म्हणजे अकरा, मिळून १२३. त्यातून ४० वजा केले की ८३ अंश सेल्सिअस. हे ४० का वजा करायचे? उत्तराला जागा एकाच घराची, त्यात ० ते २५५ एवढंच मावतं, आणि गोठवणाऱ्या थंडीतलं इंजिनही मोजता आलं पाहिजे. म्हणून शून्याची जागा उणे ४० वर ठेवली आणि वरचं टोक २१५ वर गेलं.

हे माहीत असलं की आकडा वेगळाच बोलायला लागतो. स्कॅनरवर कूलंट उणे ४० दिसलं तर इंजिन गोठलेलं नसतं. सेन्सरची वायर तुटलेली असते किंवा कपलर सुटलेला असतो, कॉम्प्युटरपर्यंत काही पोचतच नाही आणि तो टोकाचा आकडा दाखवतो. वायरी एकमेकींना चिकटल्या असतील तर उलट, उकळीच्या पार पुढचा आकडा दिसतो. (काही गाड्यांचे कॉम्प्युटर अशा वेळी स्वतःच्या मनानं एक ठरावीक तापमान धरून चालतात, तेव्हा तेही ध्यानात ठेवावं.) आणखी एक तपासणी कुणालाही जमेल अशी आहे. गाडी रात्रभर उभी असली की सकाळी सेल्फ मारण्याआधी नुसती चावी फिरवून कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, दोन्ही बघायची. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखी असायला हवीत. एक २४ आणि दुसरं ५१ दाखवत असेल तर त्यातला एक सेन्सर खोटं बोलतोय. हे कळायला पान्यालाही हात लावावा लागत नाही.

इंजिनाचे फेरे असेच, फक्त उत्तर दोन घरांचं. ४१ ०सी ०सी ८० असं आलं तर पहिली ०सी ही बाब आणि पुढची दोन घरं उत्तर (सोळाच्या मोजणीत ०सी म्हणजे १२, ८० म्हणजे १२८). पहिल्या घरातले १२ गुणिले २५६, अधिक दुसऱ्यातले १२८, झाले ३२००, आणि त्याला चारानं भागलं की ८००. गाडी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभी आहे. हे सगळं हातानं मांडत बसा असं मी म्हणत नाही, ॲप करतंच. पण कॉम्प्युटरनं दिलेला आकडा कुठला आणि ॲपनं स्वतःच्या डोक्यानं काढलेला कुठला, हा फरक मालकाला कळला पाहिजे. हॉर्सपॉवर, टॉर्क आणि पुष्कळ गाड्यांत ॲव्हरेजसुद्धा ॲपनं हवेच्या आकड्यावरून बांधलेला अंदाज असतो. त्यावर विसंबून इंजेक्टर सर्व्हिसिंगला आणणारे भेटतात.

आता पुन्हा पी ०१७१ कडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे. फ्युएल ट्रिम नावाची बाब असते, ०६ आणि ०७ क्रमांकाची, एक तात्पुरती आणि एक मुरलेली. कॉम्प्युटर ठरल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय, ते त्यात दिसतं. मधोमध १२८ हे शून्य. त्यावर गेलं तर पेट्रोल वाढवतोय, खाली आलं तर कमी करतोय. पाच-सात टक्के इकडेतिकडे चालायचंच. मागे एक गाडी आली होती, दोन ठिकाणी ओटू सेन्सर बदलून झालेली. मी कोडकडे फारसं बघितलंच नाही. आयडलला मुरलेली ट्रिम पाहिली : १५६, म्हणजे जवळजवळ अधिक २२ टक्के. ॲक्सिलरेटर दाबून इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरलं आणि वाट पाहिली. आकडा उतरत उतरत अधिक ३-४ वर आला.

एवढ्यानंच निम्मं निदान झालं. इंजिन मंद चालू असतं तेव्हा ते मुळात थोडीच हवा घेतं, म्हणून पाइपाच्या भेगेतून शिरणारी चोरटी हवा तिथे मोठा वाटा खाते. रेस दिली की खरी हवा ढिगानं येते आणि चोरीचा वाटा नगण्य होतो. पेट्रोल पंप दमलेला असता तर चित्र बरोब्बर उलटं दिसलं असतं : आयडलला ठीक आणि भार पडला की ट्रिम चढत जाणार. मग बॉनेट उघडून, सिलिंडरांत हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला, ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या रबरी पाइपावर बोट फिरवलं. क्लिपच्या अगदी खाली, वरून बघता दिसणार नाही अशा ठिकाणी रबर चिरलं होतं. बोट दाबलं की आयडलचा आवाज बदलायचा, काढलं की पुन्हा तस्साच. दोन्ही जुने सेन्सर मालकानं डिकीत जपून ठेवले होते. मला तरी त्यांत काही खोट दिसली नाही.

पी ०४२० चीही हीच कथा, थोडक्यात सांगतो. ओळीत ‘कॅटॅलिस्ट’ असतं म्हणून लोक थेट सायलेन्सरमधला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला निघतात, आणि तो गाडीतल्या महागड्या पार्टांपैकी एक. कॉम्प्युटर बघतो ते असं : साध्या ओटू सेन्सरच्या गाडीत पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सारखा वरखाली होत असतो आणि कन्व्हर्टरच्या मागचा शांत राहायला हवा. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की कोड पडतो. पण मागच्या सेन्सरच्या आधी पाइप फुटका असेल तरी तो नाचतो. गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरात जळण हुकत असेल, किंवा ऑइल खात असेल तर कन्व्हर्टर खरंच मरतो, पण मग मारणारा वेगळा असतो आणि नवा बसवला तरी तोही मरणार. दोन्ही सेन्सरांचा आलेख मिनिटभर बघितल्याशिवाय यावर एक अक्षर बोलू नये.

आता पुसण्याकडे येतो. धुराशी संबंधित बिघाड पक्का झाला की कॉम्प्युटर कोडबरोबर त्या क्षणाचं सगळं टिपून ठेवतो : स्पीड किती होता, फेरे किती, भार किती, कूलंट किती तापलं होतं, ट्रिम काय होती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात आणि सेवा क्रमांक ०२ ला विचारलं की ती मिळते. अर्धवट संशयाचे, अजून दिवा न लागलेले कोड ०७ ला मिळतात. आणि ०४ ही सेवा, म्हणजे आपल्या लेखातलं ‘क्लिअर’ बटण, एका फटक्यात कोड, फ्रीझ फ्रेम, चाचण्यांचे निकाल आणि तपासण्या पुऱ्या झाल्याच्या खुणा हे सगळं साफ करतं. बिघाड तेवढा जागच्या जागी राहतो.

मिसिंगच्या गाड्यांत हे फार नडतं. मालक सांगतो, “कधीतरी धक्के देते.” कधी? “कधीतरी.” कोड घरीच पुसलेला. आम्ही स्कॅनर लावून गाडी फिरवतो आणि ती शहाण्यासारखी चालते. मग नुसताच अंदाज, आणि अंदाजानं प्लग, कॉइल, इंजेक्टर असं एकेक बदलत जाणं. तीच गाडी न पुसता आली तर फ्रेममध्ये लिहिलेलं सापडतं : स्पीड ६२, भार ९१ टक्के, कूलंट ८८. म्हणजे तापलेल्या इंजिनावर, चढावर किंवा भरल्या गाडीत, ॲक्सिलरेटर जवळजवळ पूर्ण दाबल्यावर ठिणगी तुटते. मग प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलचं रबर उलटं करून उजेडात धरायचं. त्यावर आतून केसासारखी बारीक काळी रेघ दिसली की ठिणगी प्लगकडे न जाता तिथूनच बाहेर पळत होती हे समजतं. तीन आकड्यांनी अर्ध्या दिवसाचा शोध वाचतो.

बरं, बिघाड दूर झाला असेल तर पुसायची गरजच नसते. सलग तीन वेळा गाडी चालवताना कॉम्प्युटरच्या चाचण्या स्वच्छ पार पडल्या की दिवा आपोआप विझतो, आणि इंजिन चाळीस वेळा गार होऊन पुन्हा तापल्यावर कोडही स्मृतीतून जातो. शिवाय अमेरिकी नियमांत २०१० च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्यानं ‘कायमचे कोड’ आले आहेत. ते स्कॅनरनं पुसताच येत नाहीत, कॉम्प्युटरची स्वतःची खात्री पटली तरच जातात. नियम करणाऱ्यांनाही लोक बोट कुठे ठेवतात ते कळलेलं दिसतं.

लेखात लुकलुकणाऱ्या दिव्याचा उल्लेखही नव्हता, तो यायला हवा होता. दिवा स्थिर लागला तर बहुधा सवडीनं बघता येतं. पेट्रोल गाडीत तो उघडझाप करत असेल तर जोराचं मिसिंग चालू आहे, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय आणि तो तापून निकामी व्हायच्या मार्गावर आहे. तिथे ॲप उघडत बसू नये. ॲक्सिलरेटर सोडावा, सुरक्षित जागा बघून गाडी उभी करावी.

जुनी गाडी घेणाऱ्यांना तर या पुसण्याचा सरळ सरळ फटका बसतो. विकणारा दिवा विझवून गाडी दाखवतो. चावी फिरवली की दिवा लागतो, इंजिन चालू केलं की विझतो, सगळं छान. अशा वेळी कोड नाहीत म्हणून खूश न होता तीन गोष्टी विचाराव्यात. ०१ सेवेत ०१ ही बाब : कन्व्हर्टर, ओटू सेन्सर, टाकीची वाफ वगैरेंच्या तपासण्या पुऱ्या झाल्यात की ‘अपूर्ण’ आहेत. ३० ही बाब : कोड पुसल्यापासून इंजिन किती वेळा तापलं. ३१ : पुसल्यापासून किती किलोमीटर चालली. बहुतेक तपासण्या अपूर्ण, तापणं दोनदा आणि किलोमीटर ९, असं दिसलं तर दिवा कालपरवाच विझवलाय. बॅटरी बदलली होती हे उत्तर तयार असतं, आणि काही गाड्यांत ते खरंही असू शकतं, म्हणून भांडू नये. “चार दिवस चालवा, मग पुन्हा बघू,” एवढं म्हणावं. खरा विक्रेता तयार होतो. (सगळ्याच गाड्या सगळ्या बाबी देतात असं नाही. ०१ ०० विचारलं की कुठल्या बाबींची उत्तरं मिळतील याची यादी कॉम्प्युटर आधीच देतो.)

आमच्या धंद्यातल्यांनाही मी मोकळं सोडणार नाही. एका वर्कशॉपचं बिल गिऱ्हाइकानं मला दाखवलं. त्यावर ‘स्कॅनिंग केले, सेन्सर बदलला’ एवढीच ओळ. कुठला कोड, फ्रेममध्ये काय होतं, बदलण्याआधी आकडा काय आणि नंतर काय, शून्य. एक्स-रे काढला की फिल्म पेशंटच्या हातात मिळते, ती दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येते. गाडीच्या आकड्यांना हा नियम का नसावा? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीलाही तो लागू करायला कौल दिला. युरोपात दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली ठेवण्याचं बंधन २००७ च्या नियमात आलं. ही सगळी भांडणं कंपनी आणि गॅरेज यांच्यातली. गॅरेज आणि मालक यांच्यातला व्यवहार मात्र कायद्याची वाट न बघता उद्यापासून सुधारता येईल. पुसण्याआधी स्क्रीनचे फोटो काढायचे, कोड, फ्रेम, ट्रिम, तपासण्यांची स्थिती, आणि ते मालकाच्या फोनवर टाकायचे. मी तसं करतो. वेळ फारसा जात नाही. जाते ती ‘सांगतोय ना, सेन्सर गेलाय’ असं दरडावायची सोय.

म्हणून विनंती अशी की त्या लेखाची पुरवणी म्हणून एक छोटी चौकट छापावी. ‘क्लिअर’च्या आधी ‘सेव्ह’ किंवा फोटो ही पायरी घालावी. कोडची ओळ हे पार्टचं नाव नव्हे, हे लिहावं. पी नंतर १ असेल तर तो कोड त्या-त्या कंपनीचा स्वतःचा असतो आणि फुकटचं ॲप कधी कधी भलत्याच कंपनीचा अर्थ त्याला चिकटवतं, हेही सांगावं. आणि ब्रेक, एअरबॅग यांचे कोड या स्वस्त ॲडाप्टरांना बहुधा दिसतच नाहीत, त्यामुळे ‘नो कोड्स’ वाचून एअरबॅगच्या दिव्याकडे कुणी दुर्लक्ष करू नये.

आपला,
एक जुना वाचक आणि वाहनांचा इलेक्ट्रिशियन

ता. क. : ॲडाप्टर काम झाल्यावर काढून ठेवावा. त्या सॉकेटची १६ नंबरची पिन थेट बॅटरीवर असते, चावी बंद असली तरी चालू. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर तो बॅटरी उतरवू शकतो, आणि पासवर्ड नसलेला ब्लूटूथ शेजारी उभ्या असलेल्या कुणाच्याही फोनला जोडला जातो.